बार्शी : द्वादशीचा मुक्काम

एकादशी पंढरपूरची आणि द्वादशी बार्शीची, असे सोलापूर जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या मानले जाते. आषाढीला विठ्ठलाचे दर्शन घेतलेले अनेक वारकरी उपवास सोडण्यासाठी भगवंताच्या दारी, बार्शीला येतात. 'बारस' म्हणजे द्वादशी. तिच्यावरूनच गावाला बार्शी हे नाव पडले, असे येथील जुनी माणसे सांगतात. सोलापूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा यांच्या उंबरठ्यावर वसलेले हे व्यापारी गाव. ज्वारी आणि तूर यांच्या उलाढालीसाठी आलेला व्यापारी, भगवंताच्या ओढीने आलेला वारकरी आणि उपचारांसाठी आलेला रुग्ण, अशा तीन प्रकारच्या पाहुण्यांची या गावाला सवय आहे.

पूर्वी या पाहुण्यांचा मुक्काम ठरलेला असे. नातेवाईक असतील तर त्यांचा वाडा, नसतील तर धर्मशाळा. ओसरीवर सतरंजी अंथरली की झोपण्याची सोय झाली आणि आडावर दोन तांबे घेतले की आंघोळ झाली. गेल्या काही वर्षांत मात्र तालुक्याच्या गावांचे रूप पालटले आहे. लिफ्ट, वातानुकूलित खोल्या, चोवीस तास गरम पाणी आणि गुळगुळीत फरशा असलेली हॉटेले बार्शीसारख्या गावातही उभी राहिली आहेत. महानगरांतील पंचतारांकित थाट त्यांना नसेल. पण ज्या पिढीने आयुष्यभर धर्मशाळेच्या सतरंजीवर यात्रा केल्या, तिच्या दृष्टीने हा विलासच. अशा विलासाचा ज्येष्ठांच्या प्रकृतीशी नेमका काय संबंध आहे, कोणती सोय खरी आणि कोणती केवळ दिखाऊ, याचा विचार मागील मार्गशीर्षात आईला घेऊन बार्शीस गेले असता पुष्कळ झाला. तो येथे मांडत आहे.

घर असताना हॉटेल?

माझ्या आईचे वय एक्क्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी घरातील न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, वॉकरचे रूपांतर चार पायांच्या काठीत झाले. डॉक्टरांच्या दृष्टीने ती बरी झाली होती. परंतु ज्याला घरातले माणूस 'बरे होणे' म्हणते, ते अजून व्हायचे होते. ती घराबाहेर मुक्काम करीत नव्हती. लग्नाकार्याला चार तास जाऊन परतणे एवढीच तिची मजल. पडण्याच्या भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने स्नायू क्षीण होतात आणि स्नायू क्षीण झाल्याने पडण्याचा धोका वाढतो. वार्धक्यातील हे चक्र वैद्यकशास्त्राला चांगले परिचित आहे. आमच्या घरात ते डोळ्यांसमोर फिरत होते.

आईचे माहेर बार्शीचे. भगवंताची द्वादशी एकदा डोळे भरून पाहावी, ही तिची इच्छा. धाकटी मावशी अजून तेथील जुन्या वाड्यात राहते. तिचे वय शहात्तर. साहजिकच उतरायचे तर मावशीकडे. पण तो वाडा मला ठाऊक होता. दिंडीदरवाज्याचा उंच उंबरा, आत शिरताच दोन दगडी पायऱ्या, माजघर अंधारे आणि शौचालय अंगणापलीकडे, तेही भारतीय पद्धतीचे. ज्या बाईला रात्रीतून दोनदा उठावे लागते आणि जिला खाली बसणे डॉक्टरांनी वर्ज्य केले आहे, तिच्यासाठी हे घर मायेचे असले तरी सोयीचे नव्हते. शेवटी आईनेच निर्णय दिला : "दर्शन घेईन, बहिणीकडे जेवेन, पण झोपायला मात्र हॉटेलात."

मावशीला हे रुचले नाही. फोनवर ती म्हणाली, "अक्का, माहेर असताना हॉटेलात उतरतात होय? गाव काय म्हणेल?" आई शांतपणे म्हणाली, "गाव रात्री मला धरून न्यायला येणार आहे का?" फोनच्या पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

ही अडचण पुष्कळ कुटुंबांची आहे. ज्येष्ठ माणूस नातेवाइकांकडे उतरला नाही की त्याचा अर्थ मानापमानात शोधला जातो. म्हणून अनेकजण अवघडून राहतात. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करतात, मलावरोध सोसतात, झोप मोडतात आणि घरी परतल्यावर आजारी पडतात. प्रेम एका जागी आणि पथारी दुसऱ्या जागी ठेवण्यात कोणाचाही अनादर नाही, हे आपण मोकळेपणाने बोलावयास शिकले पाहिजे.

खोली पाहावी ती अशी

पुण्याहून आम्ही मोटारीने निघालो. सोलापूर महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत आणि तेथून कुर्डुवाडीमार्गे बार्शी, असे दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर. दर दीड-दोन तासांनी थांबून आईला पाच-दहा मिनिटे चालविले. एकाच जागी पाय लोंबते ठेवून दीर्घकाळ बसल्यास वृद्धांच्या पायांना सूज येते आणि शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो, विशेषतः खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ थंडीत रोहित पक्षी उतरतात. आईला चालविण्यासाठी त्यांच्याइतके चांगले निमित्त दुसरे कोणते!

हॉटेल नवे होते. स्वागतकक्षात संगमरवरी फरशी, छताला झुंबर, कोपऱ्यात कारंजे. आईची नजर झुंबरावर आणि माझी फरशीवर. झुंबराने पाय घसरत नाही, फरशीने घसरतो. खोली पाहताना मी जे तपासले, ते क्रमाने सांगते. कारण ज्येष्ठांसाठी आलिशान खोली कोणती, हे ठरविण्याची कसोटी हीच आहे.

पहिली गोष्ट पलंगाची उंची. कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात असले पाहिजेत. आलिशान हॉटेलांत जाड गाद्यांमुळे पलंग उंच होतो आणि पाय अधांतरी राहतात. आमच्या खोलीत दोन गाद्या एकावर एक होत्या. वरची काढायला सांगितली आणि प्रश्न सुटला. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना उलट फार खोलगट आसनही वर्ज्य असते, म्हणून मऊ सोफ्याऐवजी हात असलेली सरळ खुर्ची मागवून घेतली.

दुसरी गोष्ट न्हाणीघर. वृद्ध माणसे घरात ज्या ठिकाणी पडतात, त्यांत ओले न्हाणीघर प्रमुख आहे. पाश्चात्त्य कमोड होता, शॉवर होता, काचेचे दार होते; पण आधाराची दांडी नव्हती. होती ती टॉवेल वाळविण्याची दांडी. येथे वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते, की ही दांडी आधारासाठी नसते. ती दोन लहान स्क्रूंवर बसविलेली असते आणि माणसाचा भार पडताच उखडते. तोल जाणारा हात मात्र नेमका तिच्याकडेच धावतो. आम्ही व्यवस्थापकांना प्लॅस्टिकची हातांची खुर्ची आणि रबरी चटई मागितली. त्यांनी दोन्ही दहा मिनिटांत दिली. मागणारेच फार कमी असतात, असे ते म्हणाले. आंघोळ खुर्चीवर बसून, पाण्याची उष्णता आधी मी हाताने पाहून, आणि दाराला आतून कडी न लावता. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल तर कढत पाणी पायाला कळत नाही, भाजल्यावरच दिसते.

तिसरी गोष्ट रात्रीचा उजेड. अनोळखी खोलीत, मध्यरात्री, अर्धवट झोपेत माणूस घरच्या सवयीने डावीकडे वळतो आणि भिंतीवर आदळतो. न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार चार बोटे उघडे ठेवावे. उशाशी विजेरी आणि काठी हाताला लागेल अशी. पहिल्या रात्री तीनच्या सुमारास वीज गेली. जनित्र सुरू होईपर्यंत अर्धा-एक मिनिट काळोख होता. आई पलंगाच्या कडेवर बसलेली होती. उशाजवळची विजेरी लावून ती तशीच बसून राहिली. उठण्यापूर्वी कडेवर एक-दोन मिनिटे बसावे, ही सवय तिला फिजिओथेरपिस्टने लावली आहे. वयोमानाने आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते; त्यावरचा हा साधा उपाय. त्या रात्री तो दोन प्रकारच्या अंधारांवर लागू पडला.

चौथी गोष्ट लिफ्ट. खोली लिफ्टच्या जवळ हवी, पण वीज गेल्यास लिफ्ट जनित्रावर चालते का, हे आधीच विचारावे. चालत नसेल तर तळमजला अथवा पहिला मजला बरा. पाचवी गोष्ट वातानुकूलन. ते पंचवीस अंशांच्या आसपास ठेवावे आणि वाऱ्याचा झोत अंगावर येऊ देऊ नये.

अंबरीषाचे पारणे

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आईला मधुमेह आहे आणि एकादशी तिने साठ वर्षे सोडलेली नाही. निघण्यापूर्वी आम्ही तिच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारले होते. त्यांनी उपवास करू नका, असे म्हटले नाही, प्रथम विचारले, "उपवासाला नेमके काय खाता?" मग निर्जळी उपवास नको, साबुदाणा आणि बटाटा अगदी थोडा, त्याऐवजी भगर, राजगिरा, ताक, शेंगदाण्याची आमटी आणि एखादे फळ, असे दिवसातून चार वेळा विभागून घ्यावे, असे सांगितले. सकाळच्या गोळीत त्या दिवसापुरता बदलही लिहून दिला. हा बदल प्रत्येकाच्या औषधांनुसार वेगळा असतो, म्हणून तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. शेजाऱ्याचा बदल आपल्याला चालत नाही. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर पोट रिकामे राहिले तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा वेळी साखर घेतल्याने व्रत मोडते का, असा प्रश्न ज्येष्ठांच्या मनात येतो. त्याचे उत्तर बार्शीच्याच कथेत आहे.

अंबरीष राजाची ही कथा भागवतात आहे आणि बार्शीकर ती आपल्या गावाची मानतात. राजाने एकादशीचे व्रत केले. द्वादशीला पारणे सोडावयाचे, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानास गेले ते लवकर परतेनात. द्वादशी सरत आली. तिथी टळली तर व्रत भंगते, अतिथीआधी जेवले तर त्याचा अवमान होतो. राजाने जाणत्यांना विचारले आणि केवळ पाण्याचा घोट घेतला. पाणी पिणे हे खाणेही आहे आणि न खाणेही आहे, असा त्यामागचा निवाडा. दुर्वास कोपले, त्यांनी कृत्या निर्माण केली. परंतु विष्णूचे सुदर्शनचक्र भक्ताच्या रक्षणास धावले आणि अखेरीस दुर्वासांनाच राजाकडे अभय मागावे लागले. राजाने ते दिले आणि ऋषी जेवेपर्यंत तो स्वतः अन्नावाचून थांबला होता.

आईला ही कथा लहानपणापासून पाठ. मी तिला एवढेच म्हटले, की राजाने हट्ट केला नाही, जाणत्यांना विचारले आणि वेळेवर पाणी घेतले. देव त्याच्याच बाजूने उभा राहिला. त्या दिवशी तिने दर तीन तासांनी काही ना काही घेतले, कुरकुर न करता.

भगवंताच्या दारी

देऊळ गावाच्या मध्यभागी आहे. बांधणी हेमाडपंती, इ. स. १२४५ मध्ये ते उभारले गेले, असे सांगतात. पेशवाईत आणि पुढे कंपनी सरकारच्या काळातही या देवस्थानाला इनामे मिळाली. चारही दिशांना प्रवेशद्वारे असून मुख्य द्वार पूर्वाभिमुख आहे. आत कोरीव खांबांचा मंडप, गरुडखांब आणि गाभाऱ्यात काळ्या गंडकी पाषाणाची भगवंताची मूर्ती. हाती शंख, चक्र आणि गदा, मस्तकी शिवलिंग, वक्षावर भृगू ऋषींच्या पावलाची खूण आणि पाठीशी लक्ष्मी. शैव आणि वैष्णव, ऋषीची लाथ आणि देवाची क्षमा, सारे एकाच शिळेत सामावलेले.

ज्येष्ठांनी अशा प्राचीन देवळांत तीन गोष्टींचे भान ठेवावे. लख्ख उन्हातून अंधाऱ्या मंडपात शिरल्यावर वृद्ध डोळ्यांना सरावण्यास तरुणांपेक्षा अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर आणखी अधिक. म्हणून दारात क्षणभर थांबून मगच पाऊल टाकावे. दगडी उंबरे उंच आणि झिजून गुळगुळीत झालेले असतात; ते ओलांडताना सशक्त पाय आधी, उतरताना अशक्त पाय आणि काठी आधी, हा फिजिओथेरपीतला नियम देवळातही चालतो. तिसरे अनवाणी चालणे. मधुमेही माणसाच्या तळव्याला खडा टोचल्याचे वा दुपारची तापलेली फरशी भाजल्याचे कळत नाही. आम्ही सकाळी सातलाच गेलो, फरशी गार होती. परतल्यावर खोलीत आईचे तळवे आणि बोटांमधील जागा उजेडात पाहिली, पुसून कोरडी केली. एवढी खबरदारी घेतली की देवदर्शनाची किंमत पायाला मोजावी लागत नाही.

द्वादशीला पहाटेच्या गारव्यात ती पुन्हा देवळात उभी राहिली. गर्दी होती, पण आषाढीची नव्हे. एका हाती काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. तीर्थाचे चार थेंब तळहातावर घेऊन ती ओठाला लावताना मी तिच्या पायांकडे पाहत होते. ते थरथरत नव्हते.

भाकरी, आमटी आणि कवळी

पारणे मावशीकडे झाले. मालदांडी ज्वारीची ताजी भाकरी, येसर आमटी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी आणि पुरणाचा एक घास. ज्वारी तंतुमय आहे, पोटास हलकी आणि मैद्याच्या पदार्थांच्या मानाने रक्तातील साखर सावकाश वाढविणारी. मात्र सोलापुरी कडक भाकरी कवळी लावणाऱ्यांना पेलत नाही. ती आमटीत कुस्करून खावी, म्हणजे चव तीच आणि घशाखाली उतरणे सोपे. शेंगाचटणीत मीठ आणि तिखट भरपूर असते. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती बोटाच्या टोकाएवढी घ्यावी. हॉटेलांच्या रश्श्यांत तर तेल आणि मीठ दोन्ही सढळ असतात. वृद्ध माणसासाठी वेगळे, कमी तिखट वरण करून देता का, असे विचारल्यास बहुधा नकार मिळत नाही. आम्हाला तरी मिळाला नाही.

अरुंद रुळांवरचा मोठा विचार

पारण्यानंतर मावशीच्या अंगणात गप्पा रंगल्या, त्या बार्शी लाइट रेल्वेच्या. दोघी बहिणी लहानपणी याच गाडीने पंढरपूरला गेलेल्या. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने उभारली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा टप्पा सुरू झाला, १९०६ मध्ये गाडी पंढरपुरास पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ च्या आरंभी ती सरकारने ताब्यात घेतली. अरुंद रुळांवरही मोठे, स्थिर आणि भार सारखा विभागणारे डबे चालविता येतात, हे कॅलथ्रॉपने येथे सिद्ध केले आणि जगभरच्या रेल्वेतज्ज्ञांचे लक्ष या भागाकडे वेधले. आज तेथे रुंद रूळ आहेत आणि 'बार्शी टाउन' स्थानकावर मुंबईहून लातूरकडे जाणारी गाडी थांबते.

या गृहस्थाची पुढील हकिकत तर आमच्या घरातल्या विषयाला अगदी लागून आहे. १९१० मध्ये त्याचा मित्र, मोटारींसाठी प्रसिद्ध असलेला चार्ल्स रोल्स, विमान अपघातात मरण पावला. त्यानंतर कॅलथ्रॉपने पडणाऱ्या वैमानिकाला अलगद जमिनीवर आणणाऱ्या हवाई छत्रीचा ध्यास घेतला आणि 'गार्डियन एंजल' नावाची छत्री तयार केली. विमान उडवू नका, असे त्याने म्हटले नाही. पडल्यास जीव वाचेल अशी तजवीज केली. वृद्धांच्या प्रवासाबाबतही कुटुंबांनी हाच मार्ग धरावा, असे मला वाटते.

दुसरे मुक्कामकरी

आमच्या हॉटेलच्या उपाहारगृहात रोज सकाळी एक प्रौढ बाई एकटीच चहा घेई आणि डबा भरून घेऊन जाई. तिचे यजमान गावातल्या कर्करोग रुग्णालयात दाखल होते. बार्शीतील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय १९८२ पासून या परिसराचा आधार आहे. १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी येथे कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येसाठीची भारतातील ती पहिली नोंदणी. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात याच रुग्णालयाच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा जरी एचपीव्ही ही तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. आपल्या घरातील तीस ते साठ वयाच्या लेकीसुनांना हे वाचून दाखवावे.

त्या बाईशी दोन दिवसांत ओळख झाली. पहिले चार दिवस तिने रुग्णालयाच्या बाकावर काढले होते, मग मुलाने बळेच खोली घेऊन दिली. "इथं गादीवर पडलं की अपराधी वाटतं," ती म्हणाली. आईने तिला जवळ बसविले आणि म्हणाली, "माझी शस्त्रक्रिया झाली तेव्हा ही पोरगी आठ रात्री खुर्चीवर बसून होती. नवव्या दिवशी हिलाच ताप आला. मग मला कोण उठवणार?" शुश्रूषा करणाऱ्याची झोप हा रुग्णाच्या औषधोपचाराचाच भाग आहे, ही गोष्ट पुस्तकांत वाचलेली होती, ती आईच्या तोंडून ऐकावयास मिळाली.

दोन बहिणींची रात्र

द्वादशीच्या संध्याकाळी आईने मावशीला हॉटेलवर झोपायला बोलाविले. मावशी "लोक हसतील" म्हणत म्हणत आली. येताना घरची चादर आणि तांब्या घेऊन आली. मी शेजारच्या खोलीत गेले. रात्री उशिरापर्यंत भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत होते. दोन वर्षांत प्रथमच मी रात्रभर, एकदाही न उठता, झोपले.

सकाळी मावशी न्हाणीघरातून बाहेर आली आणि पलंगावर बसली. मग हळूच म्हणाली, "अक्का, रात्री दोनदा गेले. एकदाही भीती वाटली नाही गं." तेव्हा कळले, की गेले वर्षभर ती सहा वाजल्यानंतर पाणीच पीत नव्हती. अंगण ओलांडण्याच्या भीतीने. पावसाळ्यात दोनदा घसरली होती. मुलाला सांगितले नव्हते. लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, दिवसा येणारी चक्कर, सारे या एका भीतीपाशी येऊन थांबत होते. वाडा जिचा, तीच त्या वाड्यात धास्तावून राहत होती. माहेरवाशिणीने हॉटेल निवडले म्हणून ते उघड झाले.

मावसभावाने ते ऐकून घेतले. तो त्याच दुपारी गवंड्याला घेऊन हॉटेलच्या खोलीत आला आणि न्हाणीघराची मापे घेतली : कमोडची उंची, दाराची रुंदी, फरशीचा खडबडीतपणा. मी त्याला आधाराच्या दांडीची जागा दाखविली, जी त्या हॉटेलातही नव्हती. संक्रांतीपर्यंत मावशीच्या माजघराला लागून लहानसे शौचालय झाले. भिंतीत पक्क्या खिळविलेल्या दोन स्टीलच्या दांड्या, बटण पलंगावरून हाताला लागेल असा दिवा आणि अंगणाच्या दोन पायऱ्यांना कठडा. वाड्याच्या शोभेला कोठे बाध आला नाही. आणि आई? ती आता पुण्यात रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरापर्यंत चालत जाते. पुढल्या मार्गशीर्षात मुक्काम मावशीकडे, असे दोघींनी परस्पर ठरविले आहे.

चांगल्या हॉटेलातील दोन रात्री हा ज्येष्ठांसाठी केवळ खर्च नव्हे. तेथे जी सोय अंगाला मानवली ती नेमकी कोणती, हे ध्यानात घेऊन ती घरी आणता येते. झुंबर आणता येणार नाही, आणण्याचे कारणही नाही. दांडी, दिवा आणि योग्य उंचीचा पलंग मात्र कोणत्याही घरात मावतात.

बार्शीला जाताना ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे

• कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. चैत्र-वैशाखात येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून ठरावीक वेळाने पाणी घ्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असल्यास ते पाळावे.

• आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत काठीवाल्यांनी जाणे टाळावे. इतर कोणत्याही महिन्याची द्वादशी तितकीच पुण्याची.

• खोली घेण्याआधी फोनवर पाच प्रश्न विचारावेत : लिफ्ट जनित्रावर चालते का, कमोड आहे का, न्हाणीघरात बसायला खुर्ची मिळेल का, दाराशी पायरी आहे का, रात्री स्वागतकक्षात माणूस असतो का.

• औषधे हातपिशवीत ठेवावीत, दोन दिवसांची अधिक घ्यावीत, चिठ्ठीची प्रत सोबत असावी. इन्सुलिन तापलेल्या मोटारीत ठेवू नये. हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्यास बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नये.

• उपवास असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारावे. साखर तपासण्याचे यंत्र आणि खडीसाखरेची पुडी जवळ बाळगावी.

• सोबत जाणाऱ्याने स्वतःच्या झोपेची आणि जेवणाची वेळ ठरवून घ्यावी, आणि ती पाळावी.